पान एकोणतिसची मागची बाजू

माझ्या धाकट्या बहिणीचं भिसेगावात ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, दोन मशिनी आणि फळीवर ब्लाउजच्या डिझाइनचं एक जाडजूड छापील पुस्तक. गुळगुळीत कागद, प्रत्येक पानावर एकच बाई. पुढच्या बाजूला समोरून, आणि पान उलटलं की तीच पाठमोरी. मजकूर जवळजवळ नाही. माझं आयुष्य पुस्तकांच्या संगतीत गेलं, पण माझ्या कपाटातलं एकही पुस्तक इतक्या लोकांनी इतकं लक्षपूर्वक पाहिलेलं नाही.

हल्ली मुली मोबाइलवर चित्रं घेऊन येतात. बहीण ती बघते, मान डोलावते आणि पुस्तक पुढे सरकवते. तिचं म्हणणं साधं आहे: मोबाइलवरच्या बाईला पाठ नसते, आणि ऐन वेळी तिच्या जागी कुणाचा तरी फोन येतो. पुस्तकातलं पान चारचौघींना एकदम बघता येतं, त्यावर बोट ठेवून भांडता येतं. निवड झाली की ती कापडाच्या उलट्या बाजूला खडूने पानाचा आकडा लिहिते. तेवढीच नोंद. लग्नाचं काम असेल तर पुस्तक नवरीच्या घरी जातं, कारण आजी, काकू आणि मावश्या दुकानात येत नाहीत, पण मत दिल्याशिवाय राहतही नाहीत.

गेल्या हंगामात ते असंच लोधिवलीला एका लग्नघरी गेलं. नवरीची आई कापडं घेऊन आली, आकडे सांगून गेली. पुस्तक उद्या पाठवते म्हणाली, आणि ते उद्या काही उजाडेना. लग्न तोंडावर आलं होतं. नवरीच्या शालूच्या ब्लाउजवर एकोणतीस लिहिलेलं. कापड शालूतूनच काढलेलं, म्हणजे कात्री चुकली तर दुसरा तुकडा नाही.

"पुढून आठवतंय रं दादा," बहीण म्हणाली. "मागचं नाय आठवत."

"मग अंदाजाने काप."

"पुढचा गळा अंदाजानं कापंन. नवरीला लोकं मागूनच बघतात. हार घालताना बघ, होमापुढं बघ."

आतापर्यंत किती लग्नांत मी नवरीचं तोंड पाहिलं होतं ते आठवून बघितलं आणि स्कूटर काढली.

लोधिवलीत नवरीची आई पापड वाळत घालत होती. तिला कसलीच घाई नव्हती. बहिणीने पुस्तक मागितलं. "माझ्या पुतणीनं नेलंय गं, ताई. कळंबच्या रिसॉर्टवर काउंटरला असती ना ती. तिलापन गळा बघायचा होता."

लोधिवली एका टोकाला, कळंब दुसऱ्या. वाटेभर बहीण मागच्या सीटवर बसून माझ्या पाठीवर बोटाने गळ्याचे आकार काढत होती. गोल, मग चौकोनी, मग काहीतरी पानासारखं. प्रत्येक आकारानंतर "नाय" म्हणायची.

रिसॉर्टच्या दारात रंगवलेलं बैलगाडीचं चाक होतं. त्याला आता गाडीची गरज उरली नव्हती, बैलाची तर नाहीच. काउंटरवरची पुतणी आम्हाला बघून पांढरीफटक पडली. पुस्तक काचेच्या टेबलावर, पितळी समईशेजारी मांडलेलं होतं, आणि अंगाने रोडावलं होतं. तिच्या सुट्टीच्या दिवशी सजावटवाल्या बाई मुंबईहून आल्या होत्या. काउंटरखाली पुस्तक दिसलं, त्यांना ती जुनी रद्दी वाटली. त्यातली चार पानं आता जेवणघराच्या वाटेवर काचेच्या चौकटीत लटकत होती. तिसरी चौकट पान एकोणतिसची.

मॅनेजर अभिमानाने म्हणाले, "व्हिंटेज लुक आहे, मॅडम. गेस्ट थांबून थांबून बघतात."

"व्हिंटेज काय म्हणता, मागच्या आठवड्यात शिवलाय यातला एक," बहीण म्हणाली. चौकटीतली बाई आमच्याकडे बघून हसत होती. "हिच्या मागं काय हाय?"

"मागे भिंत आहे, मॅडम."

बहिणीने चौकट खाली काढायला सांगितली, तेव्हा मॅनेजरांनी मालकांना फोन लावला. मालक उचलेनात. मालकांच्या परवानगीशिवाय त्यांना खिळ्यालाही हात लावता येत नव्हता, असं ते तीनदा म्हणाले. पुतणी एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत होती. तिची नोकरी त्या दोन बघण्यांच्या मधे कुठेतरी होती. बहिणीने चौकट उतरवली आणि जमिनीवर बसून पिशवीतली कात्री काढली.

"अहो बाई, हे काय करताय?"

"पान माझं हाय, काच तुमची. काच देते परत. आणि पोरीला बोलू नका, मी माझ्या हातानं काढलंय."

पान पुठ्ठ्याला डिंकाने पुरतं चिकटवलेलं होतं. ती ओला रुमाल फिरवत कडेकडेने ते सोडवू लागली. कागद फुगत होता. गेस्ट खरोखरच थांबून बघत होते. मी समोरच्या मेनूकार्डातल्या सगळ्या भाज्या वाचल्या आणि एकही लक्षात राहिली नाही. शेवटी पान सुटलं, पण सगळं नाही. पाठीचा गळा आला, दोरी आली. कमरेजवळचा एक पट्टा पुठ्ठ्यालाच चिकटून राहिला, वरून नुसता खरखरीत पांढरा. मॅनेजरांनी रिकामी चौकट परत खिळ्याला लावली आणि दोन पावलं मागे जाऊन ती सरळ आहे का पाहिलं.

पुस्तक घेऊन घरी आल्यावर बहिणीने उरलेलं पान समोर टाचून ब्लाउज कापला. हरवलेल्या पट्ट्यात काय असेल यावर ती मशीन थांबवून थांबवून विचार करायची. शेवटी दोरीला एक गोंडा लावून तिने ब्लाउज पाठवून दिला.

लग्नात आम्ही मुद्दाम मागच्या बाजूला बसलो. माझं सगळं लक्ष त्या गोंड्यावर. एक म्हातारी पुढे वाकून तो निरखू लागली, तेव्हा बहिणीने माझं मनगट धरलं. अक्षता पडल्या, आणि थोड्या वेळाने नवरी पाया पडायला आली. वर उठताना ती हळूच म्हणाली, "मावशी, चित्रात दोन गोंडे होते ना?"

घरातल्या सगळ्याजणी मत देत होत्या तेव्हा ही पोरगी ते पान पाठ करत बसली होती, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"दुसरा कळंबला हाय," बहीण म्हणाली. "पुठ्ठ्याला चिकटलाय. येऊन लावू का?"

नवरीने हात मागे नेऊन गोंडा चाचपला. "राहू द्या. दोन असते तर टेकून बसता आलं नसतं," म्हणत ती पुढच्या माणसाच्या पाया पडायला वळली. बहीण तिच्या पाठीकडे बघतच राहिली. पुढे दोन दिवस ती मला विचारत होती की पोरगी ते मनापासून म्हणाली की पाहुण्यांदेखत.