आतलंच भांडण

सोलापुरात लिव्हरच्या डॉक्टरांकडे मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा बाकावर माझ्या शेजारी मंद्रूपकडचा एक पन्नाशीचा माणूस बसला होता. दर पाच मिनिटांनी तो मोबाइलचा कॅमेरा उघडायचा, खालची पापणी ओढायचा आणि डोळे पिवळे झालेत का ते बघायचा. माझ्या फाइलवर ‘हिपॅटायटिस बी’ वाचून त्यानं विचारलं, “नवीन हाय का?”

मी मान हलवली. हा विषाणू लिव्हर किती भराभर खातो, असं मी घाबरतच विचारलं.

“त्यो खात न्हाय,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणले, त्यो पेशीत नुसता दडून बसतो. त्याला मारायला आपल्याच अंगातली ताकद त्या पेशी मारत सुटते. वर्षानुवर्षं. मग तितं वण पडत जात्यात. आन् मी गोळ्या सोडून दोन वर्षं ताकद वाढवायचे काढे पीत बसलो.”

त्याला आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरला होता. वण वाढले होते; आता गोळी रोज, एकही दिवस न चुकवता. चपला घालता घालता तो थांबला.

“बायकोची तपासणी केली का? मी लई उशीर केला. तिलाबी निघालं.”

“केली,” मी म्हणालो.

तो गेला. मी तर बायकोला माझा रिपोर्टही सांगितला नव्हता. जिन्यात जाऊन तिला फोन लावला आणि म्हणालो, “आहेस तशी दवाखान्यात ये. तुझंही रक्त तपासायचंय.”