टेबल शेळीखाली

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी पुणतांब्याजवळच्या एका गावात शिक्षिका म्हणून रुजू झाले. ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते. इंग्रजी शिकवायला कुणी राजी नव्हतं, म्हणून हेडमास्तरांनी पाचवीचा वर्ग माझ्या गळ्यात घातला.

एबीसीडी पार पडली, छोटी वाक्यंही जमली. गाडी अडली ती ऑन, इन, अंडरवर. आपण 'टेबलावर' म्हणतो, म्हणजे टेबल आधी आणि 'वर' त्याच्या शेपटीला. इंग्रजीत हेच शब्द पुढे जाऊन उभे राहतात. मुलं म्हणत, "बुक इज टेबल ऑन." मी सांगितलं, 'ऑन' आधी घ्या. तर त्यांनी तो थेट वाक्याच्या तोंडाशी नेऊन बसवला.

पहिल्या रांगेत बसणारी एक मुलगी वाद घालण्यात पटाईत होती. ती म्हणाली, "बाई, ऑन म्हंजी वर, ह्ये आमाला कळलंय. मंग त्ये कुटं बी ठिवलं तर काय बिघडतं?"

मी फळ्यावर 'बुक इज ऑन द टेबल' पुन्हा लिहिलं.

तिचे आईबाप दिवसभर उसाच्या शेतात मजुरीला जात. घरची शेळी दावं तोडून शेजारच्या मळ्यात शिरायची, त्यावरून भांडणं व्हायची. शेवटी आईनं बजावलं, "शाळंत जायचं तर शेळी संगं घिऊन जा." मग ती शेळीला वर्गाच्या खिडकीच्या गजाला बांधायची. मी फळ्यापाशी घसा कोरडा करायचे आणि सगळा वर्ग शेळीकडे बघत बसायचा. एक दिवस मी वैतागून म्हटलं, "आण तिला आत."

त्या दिवसापासून इंग्रजी चालू लागलं. शेळी दारात गेली, कोपऱ्यात गेली, खुर्चीमागे गेली, आणि ती जाईल तिथलं वाक्य मुलं हौसेनं म्हणू लागली. 'बिहाइंड' तर एका दुपारीत पाठ झाला.

एकदा शेळी टेबलाखाली जाऊन बसली. मुलं म्हणाली, "द गोट इज अंडर द टेबल." माझा जीव सुखावला. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "द टेबल इज अंडर द गोट."

"चूक. त्याचा अर्थ टेबल खाली आणि शेळी वर."

"शेळी खालीच हाय की बाई."

"म्हणूनच चूक."

वर्ग हसला. ती गाल फुगवून बसली.

त्याच दुपारी शाळा तपासणीसाठी शिक्षण खात्याचे डेप्युटी साहेब आले. गावात त्यांना दिपोटी म्हणत. मला पत्ताच नव्हता. सकाळी एका पालकानं दिलेली मेथीची जुडी मी टेबलावर ठेवली होती. शेळीला तिचा वास लागला. ती टेबलाखालून निघाली, खुर्चीवर चढली आणि तिथून टेबलावर. मी मागून तिला ढकलू लागले. ती मेथी खात राहिली. मान वळवून पाहिलं तर दारात साहेब आणि त्यांच्यामागे पांढरेफटक पडलेले हेडमास्तर.

मुलं उठून उभी राहिली. नोकरी गेली, असं मी मनाशी धरलं. शेळीला सोडावं की धरून ठेवावं, तेही कळेना.

साहेबांनी टोपी सारखी केली आणि इंग्रजीत विचारलं, "व्हेअर इज द गोट?"

छप्पर हादरेल अशा आवाजात वर्ग म्हणाला, "द गोट इज ऑन द टेबल."

मग एकटी ती मुलगी म्हणाली, "द टेबल इज अंडर द गोट." आणि माझ्याकडे वळून, "बाई, आता तरी बरूबर हाय का?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

साहेबांनी पुढचा प्रश्न टाकला, "अँड व्हेअर इज युवर टीचर?"

"टीचर इज बिहाइंड द गोट."

साहेबांनी खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला आणि ते व्हरांड्यात निघून गेले. त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

चहा घेताना ते हेडमास्तरांना एवढंच म्हणाले, "पाचवीचं इंग्रजी चांगलं आहे. शेळीचं तेवढं पाहा." हेडमास्तरांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून शेळी मागच्या बाभळीला बांधली गेली, आणि मी घरून कापडाची बाहुली आणली. बाहुली कुठेही ठेवली तरी तिथेच पडून राही. मुलांना तिचा लवकरच कंटाळा आला.

सहामाहीच्या पेपरात खुर्चीवर बसलेल्या मांजराचं चित्र होतं. निम्म्याहून अधिक वर्गानं लिहिलं, द गोट इज ऑन द चेअर. हेडमास्तर पेपरांचा गठ्ठा घेऊन माझ्यापुढे बसले.

"बाई, ही काय शेळी आहे?"

"नाही गुरुजी. पण 'ऑन' जागेवर आहे."

"आणि मांजर?"

"मांजराला काय म्हणतात ते मी शिकवलंच नाही अजून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "शेळीचा अर्धा मार्क कापा," ते म्हणाले, "आणि ऑनचा अर्धा द्या."