मधुराच्या डोक्यावरच्या टिकल्या

शेजारच्या काकूंकडे दादाचा फोन आला, तेव्हा मी मधुरासाठी डबा भरत होते. "डबा आणू नकोस, सुमन. मधुरा गेली," एवढंच तो म्हणाला... आणि मी फोन ठेवून परत येऊन डब्याचं झाकण लावलं.

मधुरा म्हणजे माझ्या भावाची एकुलती एक मुलगी. दादा कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरीला, घर नवीन पनवेलला. चालताना तिचा तोल जायचा. प्रार्थनेच्या रांगेत हलते म्हणून शाळेत तिने छड्या खाल्ल्या, आणि घरी आम्ही सगळे म्हणालो, नाटकं करते. मग स्कॅनमध्ये मेंदूच्या मागच्या भागात गाठ दिसली.

मुंबईच्या एका इस्पितळात नुकतंच नवीन यंत्र आलं होतं. तिचं डोकं भादरून त्यावर गोल टिकल्या चिकटवल्या आणि पुन्हा स्कॅन काढला. डॉक्टरांनी समजावलं, की ऑपरेशनच्या वेळी या टिकल्यांवरून यंत्र डोकं आणि चित्र जुळवून घेतं. मग हातातल्या सळईचं टोक मेंदूत नेमकं कुठे आहे, ते पडद्यावर दिसतं. टिकली हलली तर सगळं चुकेल, हे मधुराने ऐकलं. त्या रात्री ती उशीला डोकं टेकवेना. बसल्या बसल्या झोपली.

गाठ पूर्ण निघाली. डॉक्टर खुशीत होते. शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "आई, टिकल्या काढल्या का?" वहिनी हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी मधुराची वाचा गेली. अशा ऑपरेशननंतर काही मुलांचं असं होतं, वाचा परत येते, असं डॉक्टर म्हणाले. दादाने विचारलं, "यंत्रात हे दिसलं नाही?" ते म्हणाले, "नाही. यंत्र फक्त जागा दाखवतं."

वाचा परतायच्या आत मेंदूत जंतुसंसर्ग झाला. शेवटच्या स्कॅनमध्येही गाठीचा मागमूस नव्हता. ते स्वच्छ चित्र डॉक्टरांनी दादाला दाखवलं. का दाखवलं, कोण जाणे...

त्या मुक्या दिवसांत मधुरा पलंगाच्या कडेवर बोटाने वाजवायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. परवा मी वहिनीला विचारलं, चार दिवस माझ्याकडे येतेस का? तिने भिंतीवर बोटाने दोनदा वाजवलं. दादा उठून आत गेला.