सगळ्या बोलीतलं मशीन

गहिनीनाथआप्पा बसलेले मी फार थोड्या वेळा पाहिले आहेत. धारूरला आमची घरे भिंतीला भिंत लागून आहेत. मी एका पतसंस्थेत हिशेबनीस, माझे काम खुर्चीतले. आप्पांचे काम बैल घेण्या-विकण्याचे, म्हणजे उभ्याने करायचे. पण बाजार नसला तरी हा माणूस दारातून ओट्यावर, ओट्यावरून गल्लीच्या तोंडापर्यंत आणि तिथून परत, असा फिरत असतो. जेवतानाही एक गुडघा उभा. वनमालावहिनी म्हणतात, "ह्यांच्या पायाला कुनी चाकं लावली देव जाने."

बैलबाजारात खरेदीची पावती मिळते, पण बैल कसा आहे हे पावतीवर नसते. ते तोंडी ठरते, त्याला बोली म्हणतात. विकणारा चार माणसांदेखत सांगतो की बैल औताला चालतो, गाडीला चालतो, मारका नाही, बसका नाही. सगळ्याच कामांची हमी दिली तर बैल 'सगळ्या बोलीत' विकला असे म्हणायचे. घरी नेल्यावर खोड निघाली तर ठरल्या मुदतीत बैल परत, पैसे परत. आप्पांचे आयुष्य या बोलीवर उभे आहे. पाटोद्याच्या तानाजी नावाच्या ऊसतोड्याला त्यांनी मध्ये पडून एक बैल घेऊन दिला होता. तो बैल कारखान्याच्या वाटेवर भरल्या गाडीखाली खाली बसला आणि उठेना. विकणाऱ्याने कानावर हात ठेवले. आप्पांनी स्वतःच्या गोठ्यातला लाल कंधारी बैल टेम्पोत घातला, कारखान्यावर नेला आणि तानाजीच्या गाडीला जुंपून दिला. "बोली म्या दिलती," एवढेच ते म्हणाले.

आता ट्रॅक्टर झाले, ऊस तोडायची यंत्रे आली, बैल कमी झाले. बाजार ओसरला तशी आप्पांची चाल उलट वाढली.

त्यांची धाकटी मुलगी मनिषा. अंबाजोगाईला कॉम्प्युटरची पदवी घेऊन ती वर्षभर घरी होती. घरी होती म्हणजे स्थळे येत होती. तिचा मामा भागवत याने दिंद्रुडचे पाहुणे ठरवून टाकले होते. अशात पुण्याच्या एका कंपनीने तिला काम देऊ केले, आधी महिनाभर परीक्षा म्हणून. बाजारात येण्याआधीचा गेम दिवसभर खेळायचा, त्यातल्या चुका शोधायच्या आणि लिहून पाठवायच्या. काम घरून. अट एकच, कॉम्प्युटर स्वतःचा हवा आणि जड गेम ओढणारा हवा. सोमवारी सकाळी सुरुवात. सोमवारी जो हजर नसेल त्याची जागा दुसऱ्याला.

"खेळायचा पगार?" वहिनी म्हणाल्या. "मग आपल्या गल्लीतली निम्मी पोरं तहसीलदार झाली असती."

आप्पा हसले नाहीत. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. "पाव्हण्यांला थांबव. पोरीचं काम होतंय का बघू दे. न्हाई झालं, तर बुधवारी येऊ दे त्यांना." मनिषाने हे आतून ऐकले. तेव्हापासून त्या घरात दोघे जण फेऱ्या मारू लागले.

मशीन कसे घ्यायचे यावर बापलेकीचे जमेना. मनिषाला सुटे भाग घेऊन स्वतः जोडायचे होते. तिचे म्हणणे, तयार मशीनमध्ये डोळ्यांना दिसते ते भारी घालतात आणि आत झाकलेल्या ठिकाणी हात आखडता घेतात. काचेतून रंगीत दिवे दिसतात, वीज पुरवणारा डबा कुणी बघत नाही.

"आन् सुटं घेतलं तर?" आप्पा ओट्यावर थांबून म्हणाले. "शिंगं नेकनूरच्या बाजारातली, पाय हिरापूरचे, शेपूट पुन्याहून कुरियरनं. ह्यो बैल चालंल?"

"चालंल. मी जोडणार हाय ना."

"आन् न्हाई चालला तर कुनाच्या दारात बांधू? शिंगंवाला म्हनंल पायात खोड हाय, पायवाला म्हनंल शेपटात. काय सायेब?"

शेवटचा प्रश्न मला होता. मी म्हणालो, एक बिल, एक दुकान आणि जबाबदार माणूस एक असलेला बरा. आयुष्यभर हिशेब पाहिलेला माणूस दुसरे काय सांगणार? शिवाय सुटे भाग सोमवारच्या आत येतील याची खात्री मनिषालाही नव्हती. तिने हट्ट सोडला. पण पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली.

गुरुवारी आम्ही तिघे तेलगाव-वडवणी मार्गे बीडला गेलो. दुकान आदिनाथशेठचे. चाळिशीतला, गुळगुळीत बोलणारा, पण बरा माणूस. त्याने काचेचे तयार मशीन पुढे ठेवले. आप्पांनी त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या, वाकून मागून पाहिले, वर हात ठेवून पाहिला.

"जुंपून दाखवा," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"चालवून दाखवा म्हणतात," मी म्हणालो.

शेठने गेम लावला. मोटारी पळाल्या, बंदुका उडाल्या. दुकानातली गिऱ्हाइके मशीन सोडून आप्पांकडे पाहू लागली. आप्पांनी त्यातल्याच दोघांना जवळ बोलावले. "या, हिकडं या. आईका. शेठ, सांगा. दिवसभर चालतंय? जड गेमला चालतंय? मधीच बसत न्हाई?"

"न्हाई बसत आप्पा. आपल्या दुकानातलं मशीन हाय."

"सगळ्या बोलीत?"

शेठला गंमत वाटली. "सगळ्या बोलीत," तो म्हणाला आणि आप्पांनी पुढे केलेल्या हातात त्याने हात दिला. वर वॉरंटीचा छापील कागदही दिला. तो आप्पांनी न बघता माझ्याकडे सरकवला.

शुक्रवारी सकाळी मनिषाने मशीन लावले. साधे गेम चालले. दुपारी कंपनीने सरावाला दिलेला जड गेम लावला आणि थोड्या वेळाने सगळे एकदम बंद झाले. वहिनींनी वर पाहिले. पंखा फिरत होता, म्हणजे लाईट होती. तिने पुन्हा लावले, पुन्हा तेच. गेममध्ये गर्दी झाली, आगबिग लागली की मशीन मान टाकायचे. आप्पा दारातून बघत होते.

"बसका निघाला की ह्यो," ते म्हणाले.

आत किती तापले आहे याचे आकडे मनिषाने परत परत तपासले. ताप नव्हता. "वजन पडलं की बसतंय," ती मला म्हणाली. "काका, पॉवर सप्लाय कमी पडतोय. बहुतेक."

"बहुतेक?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू? आन् उघडलं तर वॉरंटी जाती. सील हाय मागं."

त्या दिवशी आप्पा किती चालले कोण जाणे. मी कामावरून आलो तेव्हा ते गल्लीच्या तोंडाशी होते, जेवून बाहेर आलो तेव्हाही तिथेच. भागवतचा फोन आला तो वहिनींनी घेतला. "अजून कायबी न्हाई," एवढेच म्हणून त्यांनी ठेवला.

शनिवारी मशीन गोधडीत गुंडाळून आम्ही परत बीडला. जीपमध्ये आप्पांनी ते मांडीवर धरले होते, त्यामुळे निदान तेवढा प्रवास त्यांना बसावे लागले. मात्र वडवणीपर्यंत त्यांचा उजवा पाय हलत होता.

आदिनाथशेठने मशीन लावून पाहिले. त्याच्या डोळ्यांदेखत ते बंद पडले. त्याने डोके खाजवले. "आप्पा, हे कंपनीनं जोडलेलं हाय. कंपनीकडं पाठवावं लागंल. पंधरा दिवस धरा."

"बोली काय झालती?"

"वॉरंटी हाय ना कागदावर."

"कागदाचं सायबांनी बघावं. मी बोलीचं इचारतो." आवाज चढला नव्हता, पण ते काउंटरच्या या टोकाहून त्या टोकाला गेले आणि परत आले. "चार मानसांत हात दिलता तुमी."

गुरुवारच्या दोघांपैकी एक जण योगायोगाने दुकानात होता. तो म्हणाला, "दिलता की शेठनं. मी होतो."

"तू गप बे, तुझा प्रिंटर झाला का बघ," शेठ म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता. जरा वेळाने तो म्हणाला, "बरं. बोली म्हंजे बोली. पैसे परत घ्या. मशीन ठेवून जा."

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत, झाले एकदाचे, असा भाव होता. बाजारात व्यवहार इथे संपतो. माणूस पैसे घेतो आणि पुढच्या आठवड्यात दुसरा बैल बघतो.

"पैसे घेऊन काय करू?" मनिषा म्हणाली. "परवा सोमवार हाय."

शेठकडे त्या ताकदीचे दुसरे मशीन नव्हते. बीडमधल्या दुसऱ्या दुकानांना त्याने आमच्यासमोर फोन लावले. कुणाकडे मंगळवारनंतर, कुणाकडे दिवाळीनंतर. फोन ठेवून तो म्हणाला, "बघा बुवा."

तेव्हा मनिषा पुढे झाली. "शेठ, तुमच्याकडं चांगला पॉवर सप्लाय हाय का? मोठा?"

"सुटा हाय. पण तो घालायचा तर सील तोडावं लागंल. मग कंपनी हात लावणार न्हाई. आन् मीबी न्हाई, आधीच सांगतो. त्यो डबा देतो, त्याचे पैसेबी ह्याच सौद्यात धरतो. पण पुन्हा बसलं तर माझ्याकडं यायचं न्हाई."

सील तोडले की कागद गेला आणि बोलीही गेली. बिनबोलीची वस्तू आप्पांनी उभ्या आयुष्यात घरी नेली नव्हती. शेठ हातातले पैसे परत देत असताना तर नाहीच. ते बाहेर गेले. काचेतून दिसत होते, मोटारसायकलींच्या रांगेपर्यंत जाऊन परत येत होते. मनिषाने स्क्रूड्रायव्हर मागून हातात घेतला होता आणि तो या बोटातून त्या बोटात फिरवत होती. शेठ म्हणाला, "ताई, बसा." ती बसली नाही.

आप्पा आत आले. "मनी, खोड त्याच डब्यात हाय का?"

"बहुतेक."

"बहुतेक नगं. बाजारात कुनी बहुतेक म्हनत न्हाई."

"मग बाजारातला मानूस खोटं बोलतोय," ती म्हणाली. "आप्पा, मला जेवढं वाटतंय तेवढंच सांगते. डबाच असावा."

"आन् ह्याच्यापुढं बोली कुनाची?"

"माझी."

"किती दिवसाची?"

"दिवसाची काय? बसलं की मी उघडीन. परत बसलं, परत उघडीन."

शेठ हसू दाबत होता. आप्पांनी लेकीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग त्या काचेच्या खोक्याकडे. "तोड," ते म्हणाले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

झाकण निघाले तेव्हा मात्र त्यांना राहवले नाही. वाकून म्हणाले, "एवढं रिकामं? निम्म्यात तर वाराच हाय." मनिषाने जुना डबा काढला, नवा बसवला, वायरी लावल्या. बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळाच.

आप्पांचा हात खिशातल्या तंबाखूच्या पुडीकडे गेला आणि तिथेच राहिला. मनिषाने बंद केले, पुन्हा चालू केले. काळाच. शेठ पुढे झुकला तशी ती म्हणाली, "थांबा, हात नका लावू." एकेक वायर ती बोटाने चाचपत गेली. वरच्या कोपऱ्यात, पंख्याआड, एक वायर लावायचीच राहिली होती. ती बसली आणि पडदा उजळला.

जड गेम लावून आम्ही दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत तिथे थांबलो. आग लागली, इमारती पडल्या, गर्दी झाली. मशीन बसले नाही. आप्पाही बसले नाहीत.

सोमवारी मनिषा वेळेवर हजर झाली. बुधवारी पाहुणे आले नाहीत. महिनाभर ती चुका शोधत राहिली. कुठे माणूस भिंतीतून आरपार जाई, कुठे घोडा पाण्यावर चाले. आप्पा तासातासाला दारात येऊन विचारत, "चालू हाय का?" ती न वळता म्हणे, "हाय." त्यात दोनदा मशीन अडले. दोन्ही वेळा तिने ते उघडले आणि लावले.

महिना संपल्यावर कंपनीचे पत्र आले. संध्याकाळी तिने ते आम्हा सगळ्यांना वाचून दाखवले. तिला कामावर घेतले होते. वहिनींनी आधी हात जोडले, मग विचारले, "घरूनच ना?"

"हा गेम संपेपर्यंत घरून. पुढं पुण्याला बोलावतील."

आप्पा दारापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "एवढं मशीन न्यायचं कसं? एसटीत आदळंल."

"सुटं करून नेईन की. ब्यागंत बसतंय सगळं."

"आन् तिकडं?"

"तिकडं जोडीन."

आप्पांनी मान डोलावली. मग चपला पायात सरकवल्या आणि गल्लीत गेले. वहिनींनी चहा टाकला होता. मी माझा प्यायलो, मनिषाने तिचा. आप्पांचा कप ओट्यावर निवत राहिला आणि गल्लीच्या तोंडाशी ते अजून फिरत होते.