बाबांचा आवाज प्रचाराला आला तेव्हा

आई अंगणात पापड वाळत घालत होत्या, मी आत भाकरीचं पीठ मळत होते, आणि रस्त्याच्या वळणावरून माझे सासरे बोलत आले. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"मतदार बंधू-भगिनींनो! आपल्या मातीचा माणूस, आपल्या हक्काचा माणूस, माननीय हैबतराव..."

पिठाचे हात तसेच घेऊन मी बाहेर आले. आई ताठ उभ्या राहिल्या होत्या. हातातला ओला पापड मनगटावर लोंबत होता, त्यांना त्याचं भान नव्हतं. वळणावरून टेंपो आला. वर दोन भोंगे, बाजूला हैबतरावांचा हसरा फोटो. आवाज मात्र बाबांचाच होता. शब्दाचं शेवटचं अक्षर जरा लांबवायची त्यांची सवयसुद्धा तशीच. फक्त निशाणीचं नाव आलं तिथं दुसराच कुणीतरी तरणा मुलगा घाईघाईत बोलला, आणि पुन्हा बाबा सुरू झाले, "...या निशाणीसमोरचं बटण दाबून प्रचंड मतांनी विजयी करा! खारभूमीला दगडी बांध, हा हैबतरावांचा शब्द!"

टेंपो पुढे देवळाकडे गेला. शेजारची सरूआजी कुंपणाशी येऊन म्हणाली, "गो रंभे, जनूच ना गो तो?"

आईंनी मनगटावरचा पापड सोडवून पुन्हा वाळत घातला.

माझे सासरे जनू म्हणजे आमच्या पेणच्या खाडीपट्ट्यातला आवाज होता. शेती थोडी, उन्हाळ्यात मिठागरावर काम, पण ओळख माइकमुळे. क्रिकेटचे सामने असोत, पालखी असो, कुणाचं लग्न असो, बाबा बोलले नाहीत तर कार्यक्रम झाल्यासारखा वाटायचा नाही. निवडणूक आली की रोह्याहून हैबतरावांची गाडी यायची आणि बाबा रिक्षात बसून गावोगाव फिरायचे. ती त्यांची निष्ठा होती. हैबतरावांनी पक्ष बदलला तेव्हा बाबांनी गळ्यातला गमछा बदलला. दुसऱ्यांदा बदलला तेव्हाही बदलला. "आपण माणसाबरोबर हाव, पक्षाबरोबर नाय," म्हणायचे. आमच्या घरातली सगळी मतं त्यांच्या शब्दावर पडायची. आईंनी तर लग्नापासून दुसरा विचारच केला नव्हता.

मग दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या उधाणाला बांध फुटून मोठी खांड पडली. बांध मातीचाच होता, दर निवडणुकीत तो दगडी व्हायचा. लावलेल्या भातात खाडीचं खारं पाणी शिरलं. सगळा गाव पेंढा आणि चिखल घेऊन धावला. बाबा दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून माणसांना हाका मारत होते. मी तेव्हा बाळंतपणाला खांब गावाला माझ्या माहेरी होते, नवरा प्रणित रोह्याजवळच्या कंपनीत शिफ्टला. घरात फक्त आई होत्या. संध्याकाळी बाबा आले, दारात पाय धुता धुता घसा बसलेल्या आवाजात म्हणाले, "यापुढं हैबतरावासाठी माइक धरायचा नाय." आईंनी विचारलं, का? तर म्हणाले, "दगडी बांध कोन बोललं? तो नाय बोलला. मी बोललो. लोकांनी माझा आवाज आइकला."

एवढंच. त्यानंतर ताप आला. आवाज पार गेला, मग कावीळ झाली, डॉक्टरांनी लेप्टो सांगितला, पुराच्या पाण्यातून होणारा. पेणहून पनवेलला नेईपर्यंत उशीर झाला. हैबतराव अंत्यविधीला आले होते, खूप रडले. ते रडणं खोटं नव्हतं, असं मला आजही वाटतं.

बाबा असं बोलल्याचं आईंनी आम्हाला पुष्कळ उशिरा सांगितलं. प्रणितने मान हलवली, पण त्याला ते खरं वाटलं नाही. तो म्हणाला, "रागाच्या भरात बोलले असतील. निवडणूक आली असती तर गेलेच असते."

मला कळत नव्हतं कुणाचं मानावं.

टेंपो रोज येऊ लागला. आम्हाला वाटलं, आई चिडतील, दगड मारतील. तसलं काही झालं नाही. त्या वाट बघू लागल्या. टेंपोची वेळ झाली की काम टाकून ओट्यावर येऊन बसायच्या. डोळे मिटायच्या. आवाज लांब जाऊन नुसती गुणगुण उरली तरी तशाच बसून राहायच्या. एकदा मी त्यांना टेंपोमागे चालताना पाहिलं. पदर सावरत, भोंग्याकडे तोंड करून, देवळापर्यंत. बायका आडून बघत होत्या. आमची ऋतुजा दोन वर्षांची. तिने आजोबांना कधी पाहिलंच नव्हतं. ती टेंपो दिसला की "आबा आबा" म्हणून टाळ्या वाजवायला लागली. ते ऐकलं आणि आईंचा चेहरा बदलला.

जेवताना त्या मला म्हणाल्या, "पोरीला तिचा आबा खोटं बोलताना आइकू येतंय, नम्रता. पयल्यांदा आइकतंय नि खोटंच आइकतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घेऊन पेण स्टेशन गाठलं. रोह्याच्या गाडीत त्या खिडकीपाशी बसल्या. नागोठण्याच्या पुढे त्यांचे ओठ हलू लागले. घरून जे ठरवून आणलं होतं ते घोकत असाव्यात.

हैबतरावांच्या बंगल्याच्या आवारात मांडव होता, खुर्च्या होत्या, वड्यांचा वास होता. आईंना बघताच ते उठून आले. वय झालं होतं, पण माणसाचं नाव विसरत नाहीत.

"या वहिनी. तुम्ही कशाला त्रास घेतला? निरोप द्यायचा, मी आलो असतो."

आई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "म्हाताऱ्याला घरी सोडा."

हैबतरावांना कळायला क्षण लागला. मग ते खाली बघून म्हणाले, "वहिनी, त्याच्यासारखा आवाज पुन्हा झाला नाही. लोक थांबून ऐकतात. मला वाटलं, जनू शेवटपर्यंत माझ्याबरोबर आहे."

"शेवटाला नव्हता. तो बोलला व्हता मना. तुमच्यासाठी माइक धरणार नाय बोलला व्हता."

मांडवातली माणसं वळून बघू लागली. हैबतराव रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मला तो असं कधी बोलला नाही."

बाबा ते फक्त त्यांनाच बोलले होते.

बाजूला एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता. हैबतरावांचा पुतण्या ऋत्विक. आवाजाचं सगळं काम त्याचं. पोरगा वाईट नव्हता. आईंना बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "काकू, मागच्या वेळचं स्टुडिओतलं रेकॉर्डिंग होतं, मी ते साफ केलं. निशाणी आता वेगळी आहे, वेळ नव्हता म्हणून तेवढं नाव माझ्या आवाजात टाकलं. नाहीतर आता काकांच्या आवाजात काहीही बोलवता येतं. कॉम्प्युटर बोलतो, पण अगदी तेच वाटतात."

आई त्याच्याकडे वळल्या. "काय पन?"

"हो. काहीही."

त्या लॅपटॉपजवळ सरकल्या. मग इतक्या हळू बोलल्या की मलाही पुढे झुकावं लागलं. "मना एकदा हाक मारायला लाव."

मी त्यांचा हात धरला. "आई, नको. चला."

त्यांनी हात सोडवून घेतला. ऋत्विकने नाव विचारलं, टाइप केलं. हैबतराव "अरे, राहू दे" म्हणेपर्यंत लॅपटॉपमधून बाबांचा आवाज आला, "रंभा."

स्वच्छ, खणखणीत, शेवटचं अक्षर जरा लांबवलेलं. जत्रेत हरवलेल्या बाईचं नाव माइकवरून पुकारावं तसं. मुलाने चुकून पुन्हा कळ दाबली. "रंभा."

आईंचं तोंड पांढरं पडलं होतं. "त्यानं मना उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाय," त्या म्हणाल्या. "हा तो नाय." आणि परतायला वळल्या. पण दारापर्यंत जाईतो त्यांनी दोनदा मागे पाहिलं, हाकेला ओ द्यायची राहिली असल्यासारखं.

आम्ही निघताना हैबतराव "तो आवाज बंद करतो" म्हणाले होते, तो शब्द त्यांनी पाळला. दुसऱ्या दिवशी आमच्या गावात टेंपो आला, तो गाणी वाजवत. आई तरीही ओट्यावर येऊन बसल्या. टेंपो गेला, धूळ बसली, आणि त्या आत येऊन आडव्या झाल्या. जोह्याला त्यांची बहीण राहते, बायजाबाई. तिचा फोन आला, "गो रंभा, भावोजी आमच्या आळीत बोलतात गो!" रेकॉर्डिंग फक्त आमच्या गावापुरतं थांबलं होतं. मला वाटलं, आई भडकतील. त्या म्हणाल्या, "फोन बाहेर धर." बहिणीने धरला. आई फोन कानाला दाबून पार शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, दगडी बांधासकट.

समोरच्या उमेदवार नूतनताई. हैबतरावांनी सोडलेल्या पक्षाच्या. त्याही मोठ्या घरातल्या, त्यांच्या दिराचे डंपर चालतात, सगळ्यांना माहीत. त्या घरोघर फिरत आमच्याकडे आल्या. हळदीकुंकवाचं बोलू लागल्या. आईंनी त्यांना थांबवलं.

"माझ्यासंगं बांधावर येशील?"

"आत्ता? काकू, अजून तीन गावं..."

"मंग राहू दे."

नूतनताईंनी घड्याळ बघितलं, मग चपला काढून हातात घेतल्या. मी मागोमाग गेले. बांधावर खांड बुजवलेली जागा अजून ओळखू येते, तिथली माती वेगळ्या रंगाची आहे. आई तिथं उभ्या राहिल्या. नूतनताईंनी विचारलं, "इथंच?" आई म्हणाल्या, "इथं पानी शिरलं. मेला पनवेलला." नूतनताई काही कबूल करतील म्हणून मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "काकू, मी बांध देईन असं म्हणणार नाही. मला जमेल का माहीत नाही." खरं बोलल्या की हुशारीनं बोलल्या, मला सांगता येणार नाही. परत येताना आईंनी त्यांना चहा विचारला नाही.

मतदानाच्या दिवशी आम्ही शाळेत रांगेत उभ्या होतो. आईंना आत इतका वेळ लागला की अधिकारी म्हणाला, "आजी, दोन बटणं दाबायची आहेत, एक जिल्हा परिषदेचं, एक पंचायत समितीचं." पडद्याआडून आई म्हणाल्या, "थांब बाबा. पयल्यांदाच एकटी आलेय." लोक हसले. मग यंत्राचा आवाज झाला आणि त्या बाहेर आल्या. कपाळावर घाम होता, माघाची थंडी असून.

"कुणाला?" प्रणितने वाटेत विचारलं.

"मी दिलं," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्यानं नाय दिलं."

हैबतराव निवडून आले. आमच्या गावात मात्र ते मागे पडले. असं कधी झालं नव्हतं. गुलाल घेऊन ते आभार मानायला आले तेव्हा आमच्या अंगणात थांबले, आईंना हात जोडले आणि म्हणाले, "वहिनी, बांधाचं काम या वर्षी नक्की. जनूच्या नावानं करू." आईंनी त्यांना बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "नाव नका देऊ. नुसता बांधा." पावसाळा तोंडावर आला आहे. अजून एक दगड पडलेला नाही. प्रणितने पेंढा आणून ठेवला आहे.

माझ्या मनात एक गोष्ट राहून गेली होती. परवा तांदूळ निवडताना मी ती विचारली. "आई, बाबा त्या दिवशी खरंच तसं बोलले होते ना?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, रागावल्या.

"बोलला व्हता. इथं, दारात. पाय धुत." त्यांनी दाराकडे बोट केलं. मग ते बोट हळूहळू खाली आलं. "पन आता आठवाया गेले का घसा बसलेला त्याचा आवाज येत नाय गो. भोंग्यातला येतो. तो ते बोलायला लागला की मधीच दुसरं बोलतो. मी बोलते, थांब, तू असा नाय बोललास. तर मनाच म्हनतो, बंधू-भगिनींनो."

त्या पुन्हा सूप उचलून पाखडायला लागल्या, आणि पाखडता पाखडता, अगदी हळू आवाजात, बाबा त्या संध्याकाळी जे बोलले होते ते स्वतःशीच म्हणत राहिल्या. एकदा म्हणून झालं की पुन्हा पहिल्यापासून.