काकणाच्या जागी घड्याळ

सकाळी आंघोळ करून आल्यावर ओलसर मनगटावर घड्याळाची पोलादी पाठ टेकते, तो स्पर्श मला फार आवडतो. क्षणभर नुसता गारवा! बंगळूरच्या सकाळी तशाही थंडच असतात. त्यात हा पेढ्याएवढा गार तुकडा अंगावर बारीक शहारा उठवतो, आणि मग चहाला उकळी येईपर्यंत माझ्याच देहाची ऊब घेऊन असा काही निवांत होतो, की तो तिथे आहे याचं भानच उरत नाही. घड्याळाच्या पट्ट्याची खरी परीक्षा हीच. जो पट्टा दिवसभर आपल्या अस्तित्वाची आठवण करून देतो, तो कितीही देखणा असो, माझ्या कामाचा नाही. माणसांचंही थोडंफार असंच असतं, नाही का? पण सकाळी सकाळी इतकं गंभीर कशाला व्हायचं!

इंदिरानगरातल्या माझ्या घरी कपाटाच्या वरच्या खणात बरीच घड्याळं आहेत, आणि त्यांतलं एकही मौल्यवान नाही. पाहुण्यांसमोर मिरवावं किंवा कुलपात जपून ठेवावं असं तर एकही नाही. सगळी रोजच्या धबडग्यातली. एकाची तबकडी सायीच्या रंगाची, पट्टा तांबूस कातड्याचा. एकाचा पट्टा जाड विणीचा, पावसापाण्यात बिनधास्त भिजणारा. एकाला पोलादी साखळी. ती दिसते रुबाबदार, पण हातावरची लव ओढण्याची तिला वाईट खोड आहे. आणि एकाच्या काचेवर इतके ओरखडे, की वेळ पाहण्यापेक्षा ती ओळखावीच लागते! माझा मुलगा हसतो. त्याच्या मनगटावरचं यंत्र त्याला बसलेला पाहिलं की उठायला सांगतं आणि उठला की शाबासकी देतं. माझं घड्याळ बिचारं विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. ह्या वयात असा मितभाषी सोबती मिळणं भाग्याचंच म्हणायचं.

त्या सोबत्याशी सूर जुळायला मात्र वेळ लागतो. पट्टा घट्ट आवळला, तर दुपारी हात जरासा फुगतो आणि संध्याकाळी मनगटावर लाल वळ उमटतात. सैल सोडला, तर तबकडी घसरून मनगटाच्या आतल्या बाजूला दडी मारून बसते आणि दर वेळी तिला ओढून वर आणावं लागतं. गंमत अशी, की आपल्याला हवं असलेलं सुख बरोब्बर दोन भोकांच्या मधे असतं! एका भोकात जाच, दुसऱ्यात ढिलाई. चिकपेटेतल्या एका बोळात पट्ट्यांचं दुकान आहे. तिथला म्हातारा दर वेळी माझा हात उलटासुलटा करून पाहतो आणि म्हणतो, "स्वल्प लूज इरली, मॅडम." थोडं सैल असू द्या! मी मान डोलावते, आणि तरीही दोन दिवसांनी नव्या पट्ट्याच्या शोधात त्याच्याच दारात उभी राहते.

हा छंद मला कुठून लागला, असं कुणी विचारलं तर मला फार लांब जावं लागत नाही. माझी आई घड्याळांच्या कारखान्यात होती. लग्नानंतर निपाणीहून आई-बाबा ह्या शहरात आले. बाबा शाळेत गणित शिकवू लागले आणि आईला शहराच्या उत्तर टोकाच्या त्या कारखान्यात काम मिळालं. घरात आम्ही त्याला नुसतं 'कंपनी' म्हणत असू. कंपनीत ओळीनं मांडलेल्या पांढऱ्या टेबलांपुढे बायका बसत. डाव्या डोळ्याला भिंग, उजव्या हातात चिमटा, आणि समोर केसाहून नाजूक अशी स्प्रिंग, जी श्वासानंही थरथरे. आई सांगायची, की चिमट्यानं शेवटचं चक्र जागेवर बसवलं आणि त्यात पहिली हालचाल झाली, की दिवसातून कितीही वेळा पाहिलेलं असो, दर वेळी छातीत काहीतरी हलायचंच. निर्जीव धातूत प्राण फुंकल्याचा तो आनंद तिच्या चेहऱ्यावर घरी येईपर्यंत टिकत असे. आणि तिच्या हातांना येणारा तो किंचित तेलकट, धातूसारखा वास! भाकरी थापतानाही तो जात नसे; मला तर तोच भाकरीचा वास वाटायचा.

त्या टेबलांवर काचेच्या बांगड्या चालत नसत. बांगडी पिचली आणि तिचा कण कुठे चाकात अडकला, तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून बाकीच्या बायका आत जाताना बांगड्या उतरवून रुमालात बांधत आणि सुटी झाली की परत चढवत. बांगडी काय, दिवसातून दोनदा काढण्याघालण्याची वस्तू आहे? कुणाचा हात सोलवटे, कुणाची बांगडी फुटे आणि मग ती दिवसभर हळहळे. आईनं हा उपद्व्याप थोडे दिवस केला आणि मग बांगड्या कायमच्या डब्यात ठेवून दिल्या. डाव्या मनगटावर फक्त कंपनीचं एक लहानसं किल्लीचं घड्याळ. उजवा हात मोकळा. बंगळुरात कुणी काही बोललं नाही. पण निपाणीला एका लग्नात कासार बांगड्या भरायला बसला, आणि आत्यानं, म्हणजे बाबांच्या बहिणीनं, आईचा हात धरून सगळ्यांदेखत विचारलं, "वैनी, सवाष्णीचे हात असे भुंडे?" मी तेव्हा आईच्या पदराला धरून उभी होते. आईनं घड्याळाचा हात पुढे केला आणि म्हणाली, "भुंडे कसे, वन्सं? हे काय काकण आहे की! तुमचं नुसतं वाजतं, माझं टिकटिकतं." मांडवभर हशा पिकला. कासारही हसला. त्या दिवसापासून आमच्या गोतावळ्यात आईचं घड्याळ हे तिचं काकणच ठरून गेलं. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका बोटानं तबकडीलाही हळद लावून जात.

आणि ते काकण रोज तिच्या हातात घालत कोण? बाबा! एका हातानं दुसऱ्या हाताच्या पट्ट्याचं बक्कल लावणं किती किचकट असतं, हे घड्याळ वापरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. कोपर पोटाशी दाबा, हनुवटीनं पट्टा धरा, तरी बक्कलाची जीभ निसटतेच. आईची सकाळची घाई पाहून बाबांनी ते काम आपणहून अंगावर घेतलं होतं. चहा झाला, की ते घड्याळाला किल्ली देत, कानाशी धरत, आणि आई डब्याचं झाकण उजव्या हातानं लावत असतानाच तिच्या पुढे केलेल्या डाव्या हाताला पट्टा बांधत. दोघं त्या वेळी एकमेकांकडे पाहतसुद्धा नसत. आई निवृत्त झाली, कंपनीची बस दारावरून जायची थांबली, तरी हा परिपाठ मोडला नाही. प्रेमाची भाषा बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नाही. ही त्यांची रोजची सकाळ मात्र मी पाहत आले.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. दिवसकार्याला आत्या निपाणीहून आली. तीही आता थकलेली, तिचेही हात केव्हाच मोकळे झालेले. चारचौघी बायका आईभोवती बसल्या. काढायला हातात बांगड्या नव्हत्याच. सगळ्यांची नजर त्या घड्याळावर गेली आणि तिथून बाजूला झाली. आत्याच म्हणाली, आणि फार मायेनं म्हणाली, "राहू दे वैनी ते. घड्याळच आहे नुसतं." आईनं मान हलवली. "नको वन्सं. जन्मभर मीच सांगत आले की, हे माझं काकण म्हणून. आता कसं बदलू?" तिनं स्वतःच एका हातानं चाचपडत ते बक्कल सोडलं. जीभ दोनदा अडकली. कुणी मदतीला हात पुढे केला नाही. करणार तरी कसा? मनगटावर इतक्या वर्षांचा एक फिकट पट्टा उमटलेला होता, तेवढाच राहिला.

त्यानंतर मी आईला माझ्याकडे आणलं. पण जिनं आयुष्यभर जगाला वेळ लावून दिली, तिचीच वेळ हरवली. दिवसातून कितीदा तरी ती मला किती वाजले म्हणून विचारी, आणि विचारताना हटकून आपल्या रिकाम्या मनगटाकडे पाही. समोर भिंतीवर घड्याळ होतं. त्याच्याकडे तिची मान वळत नसे. दुपारचं जेवण झाल्या झाल्या ती संध्याकाळचा दिवा लावायला उठे, आणि डॉक्टरकडे जायचं असलं तर सकाळपासून साडी नेसून खिडकीशी उभी राही. मला भीती वाटू लागली. घड्याळाबरोबर हिनं आपलं उरलेलं आयुष्यही उतरवून ठेवलं की काय? मला माझी आई परत हवी होती, आणि तिच्याकडे जायचा रस्ता त्या मनगटावरून जातो, असं मला मनापासून वाटत होतं.

म्हणून मी तिच्या त्या घड्याळाला निरनिराळे पट्टे लावून पाहायच्या मागे लागले. आई कधी नको म्हणाली नाही. तिनं मुकाट्यानं डावा हात पुढे करावा, मी घड्याळ बांधावं, आणि घटकाभरात तिनं ते काढून टेबलावर ठेवावं. कातड्याचा पट्टा टोचतो. विणीच्या पट्ट्यात घाम येतो. साखळी फार जड. मनगट वाळून काडी झालं होतं, तेव्हा मला हे सगळं पटायचं. मी चिकपेटेत जाऊन मऊ कातड्याचा नवा पट्टा आणला, त्याला एक जादा भोकही पाडून घेतलं. तोही सैल म्हणून परत आला! जिला श्वासानं हलणारी स्प्रिंग हाताळता येत होती, तिला एक पट्टा सोसवू नये? दोष पट्ट्यात नाही, हे कळायला मला बरेच महिने लागले. जो हात बाबांनी रोज बांधला, त्याला आता जगातला कुठलाही पट्टा टोचणारच होता.

मग मी तो नाद सोडला. आणि अशाच एका सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत मी माझ्याच सायीच्या रंगाच्या घड्याळाशी झटापट करत होते. कोपर पोटाशी, पट्टा हनुवटीखाली, तोंडाने पुटपुटणं चालू. आई डायनिंग टेबलाशी शेंगा सोलत बसली होती. ती उठली, माझा हात ओढून घेतला आणि बोलता बोलता बक्कल लावून टाकलं. पट्ट्याखालून करंगळी सरकवून पाहिली. मला वाटलं, झालं. पण ती आत गेली आणि आपलं घड्याळ घेऊन आली. किल्ली दिली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून काटे लावले, कानाशी धरलं. इतके दिवस गप्प पडलेलं ते घड्याळ चालू झालं असावं, कारण तिचा चेहरा मला लहानपणी संध्याकाळी दिसायचा तसा दिसला.

"बांध," ती म्हणाली, आणि उजवा हात पुढे केला.

मी गोंधळून तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "तो नको ग. तो तुझ्या बाबांचा हात, त्याचं काकण उतरलं," ती म्हणाली. "ह्या हातानं मी चिमटा धरला. बांगड्या डब्यात गेल्यापासून ह्यात काकण नव्हतंच. मग उतरायचं काय? बांध की, बघत काय उभी राहिलीस!"

मी बांधलं. कामाच्या हाताचं मनगट दुसऱ्यापेक्षा जरा भरीव असतं. ते जादा भोक लागलंच नाही, मधल्या भोकात जीभ अलगद बसली. घट्ट होतंय का, विचारलं. "सरी आहे, बरोब्बर बसलंय," ती म्हणाली. एकदा आत्याला दिलेल्या उत्तरात स्वतःच अडकून बसलेल्या ह्या बाईनं दोन वर्षं शोधून त्यातून वाट काढली होती, आणि मी वेडी पट्टे शोधत हिंडत होते! मला रडूही येत होतं आणि हसूही. तिनं मात्र ते काही पाहिलं नाही. तिनं मनगट डोळ्यांजवळ नेलं, बारकाईनं काटे पाहिले, आणि कंपनीची बस चुकत असल्यासारखी माझ्यावर ओरडली, "नऊ वाजून गेले, पळ!"