हळदीकुंकवाला आलेल्या प्रोफेसरबाई

"काय ईरा, वृद्धाश्रमातलं काम कसं चाललंय? अंघोळ घालायला शिकवलं का?"

भर हळदीकुंकवात, हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या आमच्या घरी, प्रोफेसरबाईंनी माझ्या नातीला हे विचारलं आणि बायका वळून तिच्याकडे बघायला लागल्या. ईरा मेडिकलला आहे असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. सून सांगायची, मुलगा सांगायचा, नाशिकला फोनवर मीही सांगायचे. खरं म्हणजे ती एमबीओ नावाच्या कॉलेजात होती. इथे बारा वर्षांच्या पोरांची मार्कांवरून वाटणी करतात. पुस्तकात मागे पडणारी पुढे त्या कॉलेजात जाऊन कामधंदा शिकतात. ईरा म्हाताऱ्यांची शुश्रूषा शिकत होती.

"अगं बाई, म्हणजे डॉक्टर नाही?" एक जण म्हणाली. दुसरी हसली. ईराने तिळगुळाचा डबा टेबलावर ठेवला आणि ती वर निघून गेली.

प्रोफेसरबाई मूळच्या पुण्याच्या, लायडनला विद्यापीठात होत्या. सगळी नोकरी त्यांनी याच कॉलेजांवर संशोधन करण्यात घालवली. मुलं मधेच का सोडतात, टिकतात ती कशाने टिकतात. त्यासाठी त्या वर्गात फारशा बसायच्या नाहीत. कँटीनमध्ये कॉफी घेऊन बसायच्या आणि पोरांना विचारायच्या, "उद्या तू आला नाहीस तर इथे कोणाला कळेल?" मला म्हणाल्या होत्या, "काकू, 'कोणालाच नाही' म्हणणारा पोरगा जातोच. मार्कांचं नंतर बघू." ईराही त्यांना अशाच एका कँटीनमध्ये भेटली होती.

तोंडाला लगाम नव्हता. इथल्या मराठी मंडळात कोणी मुलाच्या शाळेची फुशारकी मारली की म्हणायच्या, "छान. आणि तुमचा नळ गळला तर कोणाला बोलावता?" सून चिडायची. मला त्या आवडायच्या. मी चौथी शिकलेली, पण माझ्याशी त्या आपल्या कामाबद्दल बोलायच्या.

त्या दिवसानंतर ईरा कॉलेजला जाईना, वृद्धाश्रमातल्या कामालाही जाईना. मी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाली, "आजी, तुम्हीच हाइड केलं ना? म्हणजे मी स्टुपिडच." खाली येऊन मी भांडी घासली.

आठवड्याने प्रोफेसरबाई आल्या. सून दार उघडेना, मी उघडलं. त्या बूट काढून सरळ वर गेल्या आणि ईराच्या बंद दाराबाहेर जिन्यावर बसल्या.

"ईरा, माझं चुकलं. मला यात लपवण्यासारखं काही वाटत नाही, म्हणून तुलाही वाटत नसेल असं मी धरून चालले. तुला आधी विचारायला हवं होतं."

आत पलंग करकरला.

"तू जात नाहीस हे तिकडे कोणाला कळलंय का?"

आतून ईराचा आवाज आला. "एक ओमा आहे. म्हातारी. दुसऱ्या कोणाकडून अंघोळ करत नाही. रडते, असा मेसेज आला."

"मग?"

"मग काय? जावं लागेल."

ती सोमवारी सायकल काढून गेली. आता पास होऊन त्याच वृद्धाश्रमात नोकरी करते. मुलगा अजून लोकांना "हॉस्पिटल लाइनमध्ये आहे" असं सांगतो, आणि मी शेजारी बसून ऐकते.

प्रोफेसरबाईंना आम्ही परत कधी बोलावलं नाही. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. बोलल्याची माफी त्यांनी जिन्यावर बसून मागितली. लपवल्याची आमच्यापैकी कोणी मागितलेली नाही.

हे सगळं सोसलं ते ईराने. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.